स्पेक्ट्रोफोटोमीटरचे दहा महिने आणि झाकणाची एक पट्टी

हे यंत्र, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते ते मोजणारे स्पेक्ट्रोफोटोमीटर, घेऊन दहा महिने झाले. १९० ते ११०० नॅनोमीटरची मर्यादा, २ नॅनोमीटरची बँडविड्थ, सिंगल बीम, ड्युटेरियम आणि टंगस्टन-हॅलोजन असे दोन लॅम्प, हे सारे माहितीपत्रकात असतेच, म्हणून ते येथे उगाळत नाही. चौथ्या महिन्यात मी याच यंत्राविषयी अगदी कडू शब्दांत लिहायला बसलो होतो. ते लिखाण अपुरे राहिले हे बरेच झाले, कारण त्यातील निम्मे आरोप चुकीचे होते. उरलेला निम्मा आरोप मात्र आजही कायम आहे आणि तो झाकणावर आहे.

आधी चांगले सांगतो. तरंगलांबीच्या बाबतीत यंत्र विश्वासू आहे. ड्युटेरियम लॅम्पच्या स्वतःच्या ४८६.० आणि ६५६.१ नॅनोमीटरच्या रेषा दर महिन्याला तपासल्या, त्या जागेवरून हलल्या नाहीत. तरंगलांबी तपासायच्या होल्मियम फिल्टरचे ३६१ नॅनोमीटरजवळचे शिखरही तसेच स्थिर राहिले. पोटॅशियम परमँगनेटचे पातळ द्रावण ठेवले की ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरची जोडशिखरे स्पष्ट वेगळी दिसतात. आमच्या जुन्या यंत्रावर तेथे एकच बोथट टेकडी दिसत असे. फिनँथ्रोलिन वापरून ५१० नॅनोमीटरवर केलेले लोहाचे मोजमाप दहा महिन्यांत एकदाही पुन्हा करावे लागले नाही.

तक्रार सुरू झाली ती पाण्यातील नायट्रेटपासून. ही पद्धत सोपी आहे: नमुना हायड्रोक्लोरिक आम्लाने किंचित आम्लधर्मी करायचा, २२० नॅनोमीटरवर ॲब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला त्याचे माप, घ्यायचा आणि सेंद्रिय पदार्थांचा हिस्सा वगळण्यासाठी २७५ नॅनोमीटरवरील वाचनाची दुप्पट त्यातून वजा करायची. पहिले तीन महिने कॅलिब्रेशनची, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या स्टँडर्ड द्रावणांच्या वाचनांची, रेषा सरळ आली. चौथ्या महिन्यात तिचे वरचे टोक वाकू लागले. खालची तीन स्टँडर्ड द्रावणे रेषेवर होती, वरची दोन खाली झुकलेली. मी स्टँडर्ड नव्याने तयार केली, पिपेट वजनाने तपासले, क्वार्ट्झचे क्युवेट, म्हणजे नमुना ठेवायची पारदर्शक कुपी, बदलून पाहिले. २२० नॅनोमीटर हा नायट्रेटच्या शोषणपट्ट्याचा उतार आहे, माथा नव्हे; तेथे तरंगलांबी जराशी सरकली तरी वाचन बदलते, म्हणून तीही पुन्हा तपासली. सगळे ठीक होते आणि रेषा वाकडीच होती.

मग सोडियम आयोडाइडची चाचणी घेतली. लिटरला १० ग्रॅम या प्रमाणाचे द्रावण २२० नॅनोमीटरला प्रकाश जवळजवळ अजिबात जाऊ देत नाही, त्यामुळे वाचन ३ च्या वर यायला हवे. ते १.६२ आले. याचा सरळ अर्थ असा, की जो प्रकाश द्रावणातून आलेलाच नाही असा सुमारे अडीच टक्के प्रकाश तो मोजणाऱ्या डिटेक्टरपर्यंत पोहोचत होता. अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु ॲब्सॉर्बन्स हा लॉगरिथम आहे: १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश पार, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. त्यामुळे या उपऱ्या प्रकाशाने ०.३० च्या जागी ०.२९ दिसते आणि कोणाला शंकाही येत नाही, १.०० च्या जागी ०.९१ दिसते आणि २.०० च्या जागी थेट १.४७. रेषा वरच्या टोकालाच का वाकत होती, हे कागदावर एवढा हिशेब मांडल्यावर कळले. ॲब्सॉर्बन्स द्रावणाच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो, या बेअर-लँबर्ट नियमाला दोष देणारे बहुतेक वक्र अशाच गळतीचे असावेत, असे मला आता वाटू लागले आहे.

सेवा केंद्राला फोन केला. उत्तर तत्काळ मिळाले: ‘लॅम्प बदला.’ ड्युटेरियम लॅम्पचे आयुष्य १००० तासांचे, वापर ६४० तासांचा. चालता लॅम्प काढून टाकणे माझ्या स्वभावात नाही, पण वॉरंटीचा प्रश्न पुढे केल्यावर मी नमलो. नवा लॅम्प हातमोजे घालून, काचेला बोट न लावता बसवला. वाचन १.७८ झाले. थोडी सुधारणा दिसली, म्हणून निदान बरोबर असल्याचा त्यांचा दावा पक्का झाला आणि उरलेला दोष ‘ग्रेटिंगवर धूळ असेल’ या खात्यात गेला; ग्रेटिंग म्हणजे प्रकाशातून हवी ती तरंगलांबी वेगळी काढणारा भाग. खरे तर हीच सुधारणा दिशाभूल करणारी होती. नव्या लॅम्पचा प्रकाश जास्त, गळतीचा प्रकाश मात्र होता तेवढाच. म्हणून गळतीचे प्रमाण कमी दिसले, इतकेच.

त्यानंतर अभियंता प्रत्यक्ष आला. दुपारी आला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, ब्लँक, म्हणजे मोजायचा पदार्थ नसलेल्या द्रावणाचे वाचन, घेतला, तेच सोडियम आयोडाइड ठेवले आणि वाचन ३.१ आले. माझ्यासमोर आले. अहवालात त्याने ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले आणि जाता जाता क्युवेट नीट धुण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचन पुन्हा १.८ च्या आत. पुढचे पाच आठवडे आमचा पत्रव्यवहार चालला आणि त्यातील माझी भाषा दर पत्रागणिक बिघडत गेली.

उलगडा योगायोगाने झाला. एका संध्याकाळी शेवटचे वाचन चालू असताना, खोलीत कोणी नाही असे समजून सहकाऱ्याने दिवे बंद केले. पडद्यावरचा आकडा १.७७ वरून उडी मारून ३ च्या पुढे गेला. मी दिवे लावले, आकडा खाली आला. पुन्हा बंद केले, वर गेला. हा खेळ आम्ही दोघांनी दहा वेळा तरी केला असेल.

नमुन्याच्या कप्प्याच्या झाकणाला आतून काळ्या फोमची बोटभर रुंद पट्टी आहे. बिजागरीच्या बाजूला तिचा डिंक सुटला होता आणि फोम दबून कागदासारखा झाला होता. त्या फटीतून खोलीतील प्रकाश आत येत होता. ग्रेटिंग नमुन्याच्या आधी बसवलेले असल्यामुळे हा प्रकाश तरंगलांबीच्या कोणत्याच गाळणीतून जात नाही, सरळ डिटेक्टरवर पडतो. त्यात सिलिकॉनचा डिटेक्टर दृश्य प्रकाशाला तीक्ष्ण आणि २२० नॅनोमीटरला मंद, आणि तेथे लॅम्पचा प्रकाशही तुटपुंजा. म्हणून नायट्रेट बिघडले. ५१० नॅनोमीटरला लॅम्पच्या भरपूर प्रकाशापुढे गळती नगण्य ठरली, म्हणून लोह सुरक्षित राहिले.

मग अभियंत्यासमोर यंत्र शहाण्यासारखे का वागले? तर हे यंत्र डिटेक्टरचे अंधारातील वाचन, म्हणजे किरणाच्या वाटेवरचा पडदा बंद असतानाचे शून्य, फक्त चालू होताना एकदाच घेते. मी सकाळी आल्याबरोबर, खोलीतील दिवे न लावताच यंत्र चालू करून अर्धा तास तापायला सोडून जात असे. शून्य खऱ्या अंधारात घेतले जाई आणि नंतर लागलेल्या दिव्यांचा प्रकाश हिशेबाबाहेर राही. अभियंत्याने दिवे चालू असताना यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा गळती शून्यातच धरली गेली आणि आपोआप वजा झाली. तो खोटे बोलत नव्हता, हे मला येथे मान्य केले पाहिजे. ब्लँक आणि नमुना यांच्याकडे सगळे लक्ष देतात. या तिसऱ्या वाचनाकडे मी इतकी वर्षे पाहिलेच नव्हते.

दुरुस्ती म्हणून जुनी पट्टी खरवडून काढली आणि काळ्या मखमलीची दुहेरी पट्टी चिकटवली. आता दिवे चालू असोत वा बंद, सोडियम आयोडाइड ३ च्या वरच राहते आणि नायट्रेटची रेषा सरळ आहे. वाकड्या रेषेवरून काढलेले वरच्या टोकाचे सगळे नमुने मात्र पुन्हा मोजावे लागले.

घ्यावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे. प्रकाशीय भाग या दर्जाच्या यंत्रात क्वचित मिळतात. परंतु इतक्या नेटक्या ग्रेटिंगवर चार महिन्यांत सुटणारा फोम लावणे आणि ब्लँक घेताना अंधाराचे वाचन नव्याने घेण्याची सोय न देणे, या दोन गोष्टींसाठी एक तारा कापला आहे. ती सोय सॉफ्टवेअरमध्ये द्यावी असे कळवले होते. त्यावर उत्तर नाही आणि मूळ तक्रार ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह बंद दिसते. काढलेला जुना लॅम्प मी कापडात गुंडाळून खोक्यात ठेवला आहे; त्याचे ३६० तास अजून शिल्लक आहेत आणि नव्याचे आयुष्य संपले की तोच पुन्हा बसणार आहे.