‘माउंट कापतो, चित्र नाही’: फोर्टातलं एक फ्रेमचं दुकान

जहांगीर आर्ट गॅलरीपासून चालत पाच-सात मिनिटं, फोर्टातली गल्ली, जुन्या इमारतीचा तळमजला. पाटीवर नुसतं ‘फ्रेम मेकर्स’. आत तीन गिऱ्हाइकं उभी राहिली की चौथ्याने पायरीवर थांबायचं. माझी जलरंगातली चित्रं गेली काही वर्षं मी इथेच देते.

आधी कामाबद्दल. फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने फार नाहीत. सोनेरी वेलबुट्टी हवी असेल तर दुसरीकडे जा. साधी सागवानी, काळी, पांढरी आणि एक करडी, जी मला सगळ्यात आवडते. खरी करामत मागच्या बाजूला असते. पाठीवर खाकी कागद लावून बंद करायच्या आधी दुकानाचे मालक, आमचे काका, बोलावून दाखवतात. चित्र फक्त वरच्या कडेला, दोन जागी, जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी टांगलेलं असतं, तेही गव्हाच्या खळीने. बाकी तिन्ही कडा मोकळ्या. कागद पावसाळ्यात फुगतो, हवा कोरडी झाली की आक्रसतो. त्याला हलायला जागा लागते. आमच्या स्टेशनजवळच्या एका दुकानाने माझं चित्र चारी बाजूंनी सेलोटेप मारून दिलं होतं. मधोमध लाट आली आणि कडेला पिवळे पट्टे पडले, ते आता जन्मभर राहणार. इथे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, अ‍ॅसिड-फ्री (कागद पिवळा न पाडणारा), कडा तिरक्या कापलेल्या, कोपऱ्यात ब्लेड पुढे गेल्याची एकही रेघ नाही. माउंटच्या जाडीमुळे काच कागदाला टेकत नाही. मुंबईत ती टेकली की बुरशी आलीच म्हणून समजा.

पैसे जास्त पडतात. स्टेशनजवळच्या दुकानाच्या जवळजवळ दुप्पट.

मागच्या खेपेला मी पायरीवर थांबले होते, तेव्हा आत एक इंटिरियरवाला मुलगा होता. लोअर परळच्या कुठल्याशा फ्लॅटचं काम. टेबलावर जुन्या कागदावरचं जलरंगातलं घाटाचं दृश्य, खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने सही. फ्रेम एसी आणि टीव्हीच्या पॅनेलच्या मधल्या जागेत बसत नव्हती. ‘‘खालून दोन इंच उडवा ना,’’ मुलगा म्हणाला. काकांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘माउंट कापतो, चित्र नाही कापत.’’

‘‘अहो, क्लायंटने विकत घेतलंय.’’

‘‘मग क्लायंटला सांगा कापायला. ब्लेड पलीकडच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळेल.’’

सही जाते म्हणून काका अडलेत, असं त्या मुलाला वाटलं असावं. तो म्हणाला, सही वेगळी कापून वर चिकटवू. मी हसू दाबायला रस्त्याकडे बघत राहिले. पोरगा वाईट नव्हता हो, त्याला भिंत भरून द्यायची होती.

काकांचा हा नुसता तऱ्हेवाईकपणा नाही, कायदाही त्यांच्याच बाजूने झुकतो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 57 नुसार चित्र विकलं, अगदी हक्कही विकले, तरी त्याची मोडतोड करून कलावंताच्या नावाला बाध आणला तर तो दाद मागू शकतो. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं. ते कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला लावले आणि वर पाच लाखांची भरपाई. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं, मालक खुद्द सरकार, तरीही.

मी आयुष्य जाहिरात कंपनीत काढलं. जेजे कला महाविद्यालयात आम्हा अप्लाइड आर्टवाल्यांकडे, म्हणजे जाहिरातीची कला शिकणाऱ्यांकडे, पेंटिंगवाले जरा खालीच बघायचे, धंदेवाईक म्हणून. क्लायंटने लोगो मोठा करा म्हटलं की आम्ही निमूट मोठा करायचो, कारण ठरलंच तसं होतं. त्या मुलाने कुणा चित्रकाराला गाठून ‘दोन इंच कमी उंचीचा घाट काढून द्या’ म्हटलं असतं, तर मी स्वतः काढून दिला असता आणि बिलही लावलं असतं. आधी मागणं वेगळं आणि झालेलं कापणं वेगळं. प्रदर्शनाच्या ओपनिंगला वाइनचा ग्लास धरून ‘बाजाराने कला खाल्ली’ म्हणणाऱ्यांना हा फरक सांगून पाहा. ऐकता ऐकता त्यांची नजर किमतींच्या यादीवर असते.

काका काही संत नाहीत. दुकानाच्या मागच्या अंगाला हॉटेलच्या खोल्यांसाठी छापलेल्या बुद्धाच्या डोक्यांची थप्पी होती, सगळी एकाच मापाची. मी भुवया उंचावल्या. ‘‘ह्यांच्यावर घर चालतं, ताई. आणि ह्यांना हवं तिथे कापतो, अजून छापता येतात.’’ मला हे पटलं. मुंबईत फ्रेमच्या धंद्याने चित्रकलेचं भलंच केलंय. केकू गांधींनी 1941 मध्ये केमोल्ड हा फ्रेमचा धंदा सुरू केला, दुकानात हुसेन, आरा अशा तेव्हा नव्या असलेल्यांची चित्रं लावली, आणि 1963 मध्ये त्यातूनच जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली. तेव्हा तरुणांच्या चित्रांना मुंबईत भिंती होत्याच किती!

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळली जात नाही, कधीच. फोन केला की ‘झालंच’. प्रदर्शन असेल तर उद्घाटनाची तारीख एक आठवडा अलीकडची सांगा, मी तेच करते. डिसेंबर-जानेवारीत जाऊच नका, गॅलऱ्यांचं काम आलं की घरगुती चित्रं मागे पडतात. हे मला खटकतं आणि मी तोंडावर बोललेही आहे. चकाकी न मारणारी काच मागवावी लागते, तिचे पैसे आगाऊ. मोठ्या कॅनव्हाससाठी मी यांना पहिली पसंती देणार नाही. ताण देताना कोपऱ्यांत घड्या राहतात. कागदावरच्या कामाला मात्र मुंबईत याहून चांगला हात मला माहीत नाही.

यूपीआय चालतं, बिल पक्कं मिळतं. चित्र गुंडाळून नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट न्या. आणि काच लावलेली फ्रेम घेऊन संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये चढायचा विचारही करू नका, टॅक्सीचे पैसे धरूनच निघा.