करामा की शारजा?

दुबईत नोकरी लागली की पहिला वाद घराचा. ऑफिस दुबईत, पण राहायचं कुठे: दुबईतल्याच करामा भागात की शेजारच्या शारजात?

शारजात भाडं कमी. करामात जेवढ्यात एक खोली मिळते, तेवढ्यात तिकडे हॉल-बेडरूमचा विचार करता येतो. पण खरी किंमत शारजा-दुबई जोडणाऱ्या अल इत्तिहाद रोडवर मोजावी लागते. सकाळी दुबईकडे, संध्याकाळी उलट, सगळं शहर एकाच दिशेने निघालेलं. अंतर किरकोळ, पण दीड तास सहज जातो. २००९ साली सुरू झालेली दुबई मेट्रो शारजापर्यंत जातच नाही. वर गाडीवाल्याला सालिकचा, म्हणजे दुबईतल्या रस्त्यांचा टोल. शिवाय २०२२ पासून शारजात आठवड्याची सरकारी सुट्टी शुक्रवार ते रविवार, तर दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस काम. म्हणजे पोरं घरी आणि बाप ट्रॅफिकमध्ये! शारजात दारूबंदीही आहे. काहींना ती सोय वाटते, काहींना गैरसोय.

करामात खोली लहान, पार्किंगची बोंब. पण मेट्रो चालत, कढीपत्ता खाली दुकानात, आणि हिंदीवर निभावतं. नव्या माणसाला पहिले सहा महिने हाच आधार लागतो. एकटे असाल तर करामाच घ्या. कुटुंब आल्यावर शारजाचं बघू.