नोकरीवर परतताना: अंगावरचं दूध, काढून ठेवलेलं की डब्याचं?

आईचं दूध बरं की डब्याचं, हा वाद केव्हाच मिटलाय. अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग कमी होतात. आईलाही स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी राहतो. अडतं ते दुसरीकडेच. सकाळची लोकल पकडून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या बाईने मधल्या दहा-अकरा तासांचं काय करायचं?

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यायला सांगते. हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पण बाळंतपणाआधी महिनाभर रजा गेली, की कामावर जाताना बाळ पाच महिन्यांचंच असतं. माझं तसंच झालं.

ऑफिसात पाळणाघर असेल तर प्रश्नच संपला. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ते हवंच, दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभाही कायद्यात आहे. पण तिथवर बाळाला गर्दीच्या गाडीतून न्यायचं कोणी? माझ्यापुरता हा पर्याय बाद.

उरलं पंपाने काढून ठेवणं. पहिल्यांदा पंप लावला तेव्हा वीस मिनिटांत जेमतेम 40 मिली निघालं आणि मला रडू आलं. पंपात कमी येतं म्हणजे दूध कमी असतं असं नाही. बाळ ओढतं तसं यंत्र ओढत नाही. दूध पुरतंय का, हे दुपट्यांवरून कळतं: दिवसात सहा-सात ओली आणि वजन वाढतंय, तर पुरतंय. घराबाहेरच्या प्रत्येक तासाला साधारण 30 ते 40 मिली धरा. दहा तासांचे 300 ते 400 मिली, म्हणजे ऑफिसात दोन-तीनदा पंप. त्यासाठी मला मिळालेली ‘खोली’ म्हणजे स्टेशनरीचं कोठार होतं, आतून कडी नसलेलं. दाराला खुर्ची टेकवून बसायचे आणि कोणी हँडल फिरवलं की पान्हा तिथेच आटायचा. त्यामुळे पंप कुठला घ्यायचा याआधी दाराला कडी आहे का ते विचारून घ्या.

साठवणीचं तसं सोपं आहे. 25 अंशांपर्यंत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने. आपल्याकडे मे महिन्यात 25 अंश कुठले, तेव्हा थेट फ्रिज. प्रवासात बर्फाच्या पॅकची पिशवी. मायक्रोवेव्हमध्ये नाही, कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करायचं. आणि घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: हे दूध थंड झालं की वर सायीसारखा थर येतो. सासूबाईंनी माझं पहिलं 90 मिली ‘नासलं गं’ म्हणत बेसिनमध्ये ओतलं. हलकेच फिरवलं की ते पुन्हा एकजीव होतं.

डब्याच्या दुधाची मोठी सोय म्हणजे कुणालाही पाजता येतं आणि आईला रात्री सलग झोप मिळू शकते. ही गोष्ट लहान नाही. टाके ओढताहेत, छातीला गाठ धरून ताप आलाय, डोकं बधिर झालंय, अशा वेळी डबा आणणारी बाई वाईट आई नसते. (1992च्या कायद्याने डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायला आणि त्याची जाहिरात करायला बंदी आहे. ती बंदी कंपन्यांवर आहे. शेजारच्या काकूंनी तुमच्यावर घालायची नाही.)

पण सोय दिसते तेवढी फुकट नाही. सहा किलोच्या बाळाला दिवसाला साधारण 900 मिली लागतं, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पावडर. 400 ग्रॅमचा डबा सव्वातीन दिवसांत खडखडतो, महिन्याला नऊ होतात. मग ‘जरा पातळ कर, पुरवून वापर’ असं कोणीतरी म्हणतंच. ते अजिबात ऐकू नका. बाळाचं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, 70 अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात घालायची, मग निववून पाजायचं. उष्टं उरलेलं फेकायचं. बाटल्या उकळणं वेगळंच.

माझा कौल तिन्हींचा मेळ घालण्याला: दिवसा काढलेलं, कमी पडलं तर डबा, आणि घरी आल्यावर रात्रभर अंगावर. रात्रीचं पाजणं मात्र सोडू नका. तेव्हा दूध बनवणारं संप्रेरक जोरात असतं आणि दिवसाची कसर तिथेच भरून निघते. दिवसभर लांब राहिलेलं बाळ रात्री चार वेळा उठतं, ते हेच वसूल करायला. पहिल्या सहा आठवड्यांत मात्र उगाच डबा सुरू करू नये. बाळाने ओढलं नाही की दूध बनायचं कमी होतं, मग खरोखरच पुरत नाही. आईची केमोथेरपी चालू असेल किंवा एचआयव्ही असेल, तर यातलं काहीच लागू नाही; तिथे डॉक्टर सांगतील ते.

आणि बाळाला वाटीने पाजायचा सराव कामावर जायच्या दोन आठवडे आधी सुरू करा, आदल्या रात्री नको. पहिला घोट आईने पाजायला जाऊ नये. तिच्या अंगाचा वास आला की बाळ वाटीकडे बघतही नाही. आमच्याकडे तीन दिवस नुसता गोंधळ. चौथ्या दिवशी आजीने माळ्यावरचं चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, काढलं, उकळलं, आणि मला घराबाहेर घालवलं. बोंडल्यातून 60 मिली कसं संपलं ते मला फोनवर कळलं. मी तेव्हा सोसायटीच्या बाकावर, ओल्या कुर्त्यावर ओढणी पसरून बसले होते.