जुन्या इंग्रजी शब्दांसाठी कोश घेताना: एकखंडी की दोनखंडी?

नेहमीचा इंग्रजी कोश जुन्या पुस्तकांपुढे हात टेकतो, तेव्हा पुढचा कोश कोणता घ्यायचा हा प्रश्न उभा राहतो. ऑक्सफर्डचा मूळ मोठा कोश सर्वांत श्रेष्ठ, याबद्दल वाद नाही. पण 1989 ची त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे, आणि ऑनलाइन वापरायचा तर वर्गणी चालू ठेवावी लागते. विक्शनरी हा ऑनलाइन कोश फुकट आहे, हाताशी आहे, मीही रोज उघडतो. फक्त तिथल्या नोंदी एकसारख्या नाहीत. एखादी व्युत्पत्ती आणि अवतरणांसह भरगच्च, तर शेजारची एका ओळीची. म्हणून घरी ठेवायचा छापील कोश म्हटलं की खरी निवड दोघांतच उरते: चेंबर्ससारखा जाडजूड एकखंडी, किंवा ऑक्सफर्डच्याच मोठ्या कोशाचं दोन खंडांतलं संक्षिप्त रूप, शॉर्टर ऑक्सफर्ड.

चेंबर्सवर माझा जीव आहे, हे आधीच सांगतो. स्पेन्सर, शेक्सपिअर, मिल्टन यांच्याकडचे विचित्र शब्द, स्कॉटिश बोलीतले शब्द, सगळं एकाच खंडात. शब्दकोडी सोडवणारे त्याला का धरून असतात ते चार पानं चाळली की कळतं. शब्द भेटला, अर्थ कळला, पुस्तक पुढे सुरू, एवढीच गरज असेल तर याहून सोयीचं काही नाही. वैद्यकातले, प्राणिशास्त्रातले ग्रीक-लॅटिन वळणाचे शब्दही बहुधा सापडतात. या बाबतीत दोघांत मला फारसा फरक जाणवला नाही.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

अठराव्या शतकातल्या एका प्रयोगाचं वर्णन मराठीत आणत होतो. बंद भांड्यात पेटती मेणबत्ती ठेवली आणि ‘प्रेझेंटली’ ज्योत विझली, असं वाक्य होतं. आता, प्रेझेंटली म्हणजे लगेच, की थोड्या वेळाने? शेक्सपिअरच्या काळात त्याचा अर्थ सहसा ‘तत्काळ’ असा. पुढे तो सैल होत ‘थोड्या वेळाने’वर आला. मराठीत ‘आत्ता येतो’चं होतं, तसंच काहीसं. गोष्टीच्या पुस्तकात हा फरक खपून जाईल. प्रयोगात नाही. ज्योत लगेच विझली तर भांड्यातल्या हवेबद्दल एक निष्कर्ष निघतो, सावकाश विझली तर दुसरा.

हाताशी एक एकखंडी कोश होता. त्यात दोन्ही अर्थ होते आणि ‘तत्काळ’पुढे ‘जुना’ अशी खूण होती. पण जुना म्हणजे कधीचा? 1600 चा की 1800 चा? माझा लेखक त्या ‘जुन्या’त बसतो की नाही, हे खूण सांगत नव्हती. एकदा ही अडचण लक्षात आली आणि मग ती पानोपानी दिसू लागली. ‘कालबाह्य’, ‘जुना’, पुन्हा ‘जुना’. हा एका कोशाचा दोष म्हणता येणार नाही. एका खंडात एवढे शब्द बसवायचे तर काहीतरी गाळावंच लागतं, आणि सहसा तारखाच गळतात.

शॉर्टरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रत्येक अर्थापाशी शतक असतं आणि त्याला एक अक्षर जोडलेलं असतं. ‘ई’ म्हणजे शतकाची पहिली तीस वर्षं, ‘एम’ म्हणजे मधली चाळीस, ‘एल’ म्हणजे शेवटची तीस. त्यामुळे ‘एम 16’ दिसलं की 1530 ते 1569 असं वाचायचं. मेलेल्या अर्थांपुढे खंजिराची खूण, आणि तो अर्थ साधारण कधीपासून कधीपर्यंत चालला तेही. ही अक्षरं अंगवळणी पडायला मला आठवडाभर लागला असेल. त्यानंतर मात्र तारीख नसलेली नोंद अर्धवट वाटू लागली.

शब्दाचा इतिहास ही विद्वानांची चैन नव्हे. अमेरिकेतल्या वेबस्टरच्या 1934 च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ नावाचा शब्द छापला गेला. अर्थ दिला होता घनता, तोही भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातला म्हणून. असा शब्दच नव्हता. घनतेचं संक्षिप्त रूप ‘मोठा डी किंवा छोटा डी’ (इंग्रजीत ‘D or d’) असं सांगणारी चिठ्ठी चुकून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली होती. 1939 मध्ये एका संपादकाच्या नजरेला ते आलं, कारण त्या नोंदीला व्युत्पत्तीच नव्हती.

जुन्या विज्ञानात तर काळाशिवाय अर्थ लागतच नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीने 1774 मध्ये जो वायू वेगळा केला त्याला तो ‘डीफ्लॉजिस्टिकेटेड एअर’ म्हणत असे, म्हणजे फ्लॉजिस्टन (वस्तू जळताना बाहेर पडतं असं तेव्हा मानलं जाणारं द्रव्य) काढून घेतलेली हवा. कोशाने ‘ऑक्सिजन’ एवढाच अर्थ दिला तर तो चूक नाही. पण ऑक्सिजन हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने दिलं, आम्ल निर्माण करणारा या अर्थाने, आणि फ्लॉजिस्टनची कल्पनाच मोडीत काढून. प्रीस्टलीला ते कधी पटलं नाही. त्याच्या वाक्यात सरळ ऑक्सिजन घातला, तर जे त्याने नाकारलं तेच आपण त्याच्या तोंडी घालतो.

शॉर्टरच्या अडचणीही सांगायला हव्यात. दोन जड खंड मांडीवर घेऊन वाचता येत नाहीत, टेबल लागतं. अवतरणं मोजकी आहेत, त्यामुळे हट्टी शब्दासाठी ग्रंथालयात मोठा कोश पाहावाच लागतो. केवळ वाचनासाठी किंवा कोड्यांसाठी हवा असेल, तर एकखंडी घेणाऱ्याला मी अडवणार नाही. पण अनुवाद करत असाल किंवा जुनं वैज्ञानिक लेखन वाचत असाल, तर माझ्या मते थोडं थांबून दोनखंडीच घ्यावा.

त्या मेणबत्तीचं वाक्य मी शेवटी शॉर्टरमधले काळ आणि लेखकाची इतर वाक्यं ताडून लिहिलं: ‘थोड्या वेळाने ज्योत विझली.’ पहिल्या खर्ड्यात ‘तत्क्षणी’ होतं.