एशियाड ८२ की कॉमनवेल्थ २०१०?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरून भाच्याचा फोन आला. "मामा, पथारीवर दोन रुपयांची दोन नाणी आहेत. एक एशियाडचं, एक कॉमनवेल्थचं. कुठलं घेऊ?" म्हटलं, शेजारच्या खेळण्यांच्या दुकानातून आधी एक लोहचुंबक घे.

चुंबकाला चिकटेल ते २०१० चं. ते पोलादी आहे, तेव्हाच्या रोजच्या दोन रुपयांसारखंच. एशियाडचं तांबे-निकेलचं, ८ ग्रॅमचं, २८ मिलिमीटर रुंद. तळहातावर ठेवलं की वजन जाणवतं. त्यावर जंतरमंतर आणि सूर्याचं बोधचिन्ह आहे. शिवाय १९८२ च्या आधी आपल्याकडे दोन रुपयांचं नाणंच नव्हतं, नोटच असायची. त्यामुळे खेळाची आवड नसली तरी संग्रहात ते शोभतं. माझं मत सरळ एशियाडला.

त्याच्या जोडीला २५ पैशांचंही निघालं होतं. हलकं, स्वस्तात मिळतं, पण ३० जून २०११ नंतर चार आणे व्यवहारातून बादच झाले. कॉमनवेल्थच्या जोडीला ५ रुपयांचं पितळी नाणं आहे. दिसायला पिवळंधमक, पोरांना आवडतं.

खरी घासाघीस १०० रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर. ते दोन्ही स्पर्धांचं आहे, पण दुकानात कधी फिरलं नाही, टांकसाळीच्या संचातूनच विकलं गेलं. विकणारा "शुद्ध चांदी" म्हणाला तर हसून सोडून द्या. ३५ ग्रॅमच्या नाण्यात चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. सराफाकडचा त्या दिवसाचा भाव धरून तेवढ्याचीच किंमत काढा, वरचे पैसे हौसेचे. इथे मात्र मी २०१० चं घेईन, तेही मूळ डबीसकट. एशियाडचे संच फुटून सुटी नाणी बरीच फिरलीत आणि त्यांवर बोटांचे ठसे बसलेत.

सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट दिसली तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद. नुसत्या खुणेसाठी जास्त पैसे मोजू नका.

आणि घरी आणल्यावर घासू नका. माझं एशियाडचं नाणं मी चिंचेच्या कोळाने लख्ख केलं होतं. जंतरमंतरच्या कडा आता भिंगातूनही धड दिसत नाहीत. म्हणून तर भाच्याला एशियाडचंच दुसरं घ्यायला लावलं.