७२०० आरपीएमची हार्डडिस्क घेतली खरी, पण...

डिचोलीला घरी जुना डेस्कटॉप आहे, त्यातली ५४०० ची (म्हणजे आतली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारते ती) डिस्क मे महिन्यात मान टाकायला लागली म्हणून शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो तेव्हा नवी १ टीबीची घेऊनच आलो. दुकानदार म्हणे, "पात्रांव, ७२०० चीच घे, कॉम्प्युटर उडत सुटेल." चार पैसे जास्त दिले. तीन महिने वापरली, उडणंबिडणं काही नाही.

विंडोज सुरू व्हायला आधी पावणेदोन मिनिटं लागायची, आता दीड. ब्राउझर, वर्ड, बाबांचं पंचांगाचं सॉफ्टवेअर सगळं जवळपास होतं तसंच. फक्त चवथीच्या आरतीचे मोठे मोठे व्हिडिओ भावाच्या एसएसडीवरून (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकले तेव्हा मात्र जुनीपेक्षा बऱ्यापैकी लवकर झाले, तेवढं तिचं क्रेडिट तिला.

मग बसून हिशोब केला. ५४०० ची तबकडी एक फेरा ११.१ मिलिसेकंदात मारते, म्हणजे हवा तो डेटा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साधारण ५.६. ७२०० ला तेच ४.२. वाचले किती, तर १.४! आणि त्याच्याआधी हेडला तबकडीवरच्या त्या ट्रॅकवर, म्हणजे डेटाच्या गोल पट्टीवर, पोचायलाच ९-१० मिलिसेकंद जातात, ते काय तबकडी जोरात फिरवून कमी होत नाहीत, आणि विंडोज सुरू होताना तर हजारो बारीक फाइली इकडून तिकडून गोळा करते, मग जाणवणार काय डोंबल. वेस्टर्न डिजिटलने २००३ साली १०,००० आरपीएमची रॅप्टर काढली होती, गेमिंगवाली पोरं जीव टाकायची तिच्यावर, पण तिचाही अर्धा फेरा ३ मिलिसेकंदाचा. एसएसडीत फिरायला काही नाहीच, ०.१ च्या आतबाहेर काम होतं.

शेवटी २४० जीबीची साधी साटा एसएसडी आणली, विंडोज तिच्यावर टाकलं, आता वीसेक सेकंदात डेस्कटॉप समोर. मदरबोर्ड तोच, रॅम तीच. हे आधीच केलं असतं तर ७२०० च्या फंदात पडलोच नसतो, फोटो-व्हिडिओ ठेवायला ५४०० पुष्कळ झाली.

घेणारच असाल तर आरपीएमपेक्षा सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी) आहे की एसएमआर ते विचारा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मोठा बॅकअप लिहिताना डिस्क मध्येच रडायला लागते, आणि बाहेर ७२०० छापलेलं असलं तरी आत एसएमआर निघू शकतं. आमच्या दुकानदाराला विचारलं तर त्याने खोकाच माझ्या हातात दिला, तूच वाच म्हणून.

आवाजाचं राहिलंच. डिस्क आता फक्त साठवणीला आहे तरी रात्री लाईट गेली, पंखे बंद झाले आणि यूपीएसवर कॉम्प्युटर चालू राहिला की तिची घुंघुं पार स्वयंपाकघरात ऐकू येते. आई दोनदा उठून विहिरीचा पंप बंद केला की नाही बघून आली, लाईट नसताना.