इंदूरमध्ये 'डायरी'वर प्लॉट घेण्याआधी

इंदूरबाहेरच्यांना आधी डायरी म्हणजे काय ते सांगायला हवं. कॉलनीला नगर तथा ग्राम निवेशची (म्हणजे नगररचना खात्याची) मंजुरी नसते, रेराचा (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नंबर नसतो, पण दलाल प्लॉट विकत हिंडत असतात. पैसे रोख घ्यायचे आणि पावतीऐवजी खिशात मावेल एवढी डायरी हातावर ठेवायची, असा हा धंदा. आमचे हे निवृत्त झाले तेव्हा एफडी मोडून आम्ही सुपर कॉरिडॉरच्या पुढे, उज्जैन रोडच्या अंगाला असाच प्लॉट धरला. दलाल मराठीच, गणपतीच्या मंडळातला. "काकू, टीसीएस, इन्फोसिस हाकेच्या अंतरावर. आज भाव फुटाला बावीसशे आहे, रजिस्ट्रीपर्यंत तीन हजार होईल."

डायरी निळ्या रेक्झिनची, वर कॉलनीचं सोनेरी नाव. आत प्लॉट नंबर, 1,000 स्क्वेअर फूट, दर आणि हप्त्यांचा तक्ता. आम्ही दिले होते 6,60,000 रुपये, आणि लिहिलं होतं 6,600. विचारलं तर म्हणाला, दोन शून्यं कोणीच लिहीत नाही, सगळ्या इंदूरची हीच पद्धत. खाली सही नाही, नुसती आद्याक्षरं. तारखेला साल नाही. जमीनमालकाचं नाव नाही, खसरा नंबर (आपल्याकडचा गट नंबर) नाही. पुढे वकिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हिच्यातून कोर्टात काहीच सिद्ध होऊ नये, अशा बेतानेच ही छापतात." मला वाटतं सगळी गोम या एका वाक्यात आहे.

मागचं गणित असं. कॉलोनायझर, म्हणजे कॉलनी पाडणारा, शेतकऱ्याला थोडा बयाणा देऊन इकरार (विक्रीचा करार) करतो आणि पुढचे हप्ते डायऱ्यांच्या पैशातून भरतो. मंजुरी अडकली की सगळंच अडकतं. भाव चढला तरी धोका आहेच: जुन्याची डायरी रद्द म्हणायची आणि तोच प्लॉट नव्याला चढ्या भावाने द्यायचा. आमच्या वेळी तर शेतकऱ्याने जमीन सरळ तिसऱ्याच्याच नावे रजिस्ट्री करून दिली. दलालाच्या तोंडी मात्र कधी पितृपक्ष, कधी आचारसंहिता, कधी पटवारी रजेवर. हा वेळकाढूपणा फुकटचा नसतो. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अशा पैशाच्या दाव्याला साधारण 3 वर्षं मिळतात, आणि गोड बोलण्यात तीच सरतात. मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने मोजतात. म्हणूनच तो फोनवर तासभर बोलेल, कागदावर एक ओळ देणार नाही.

तक्रारीची भाषा काढली तेव्हा त्याने दोन डाव टाकले. पहिला धाकाचा: "रोकड दिलीत, आयकरवाले तुम्हालाच धरतील." आयकर कायद्यात स्थावर मालमत्तेपोटी 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेएवढा. देणाऱ्याने पैसा कुठून आला ते दाखवलं पाहिजे. आमच्या पासबुकात एफडी मोडल्याची नोंद होती. दुसरा डाव गोडीचा: त्याऐवजी दुसरीकडचा प्लॉट, नोटरीचं कुलमुखत्यारपत्र आणि इकरार करून. सूरज लॅम्प प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच सांगितलंय की असल्या कागदांनी मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत विक्रीपत्रच लागतं. नाही म्हटल्यावर 'काकू'च्या 'मॅडम' झाले.

पोलीस ठाण्यात ऐकवलं की हा दिवाणी मामला आहे. मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, कलेक्टर कचेरीत अर्ज दिला, तो फिरून पुन्हा त्याच ठाण्यात आला. उपयोगी पडला तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा दलालाचा एक मेसेज, "660 मिळाले, प्लॉट पक्का" (इथे तीन शून्यं गाळलेली). स्क्रीनशॉट काढून भागत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि फोन सांभाळून ठेवावा लागतो. त्या मेसेजवर आणि पासबुकावर आमचा वसुलीचा दावा उभा आहे. तारखा पडताहेत.

2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा प्लॉटांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता तर येत नाहीच, साधी जाहिरातही करता येत नाही. नोंदणीकृत इकरार होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कमही घेता येत नाही. मध्य प्रदेश रेराच्या साइटवर प्रकल्प शोधायला पैसा पडत नाही. महाराष्ट्रातून इथे पैसे गुंतवणाऱ्यांना सातबारा ठाऊक असतो. इथे खसरा आणि बी-वन (खातेदाराचा उतारा) बघायचं, ते सरकारच्या भूलेख साइटवर घरबसल्या दिसतं. दलाल खसरा नंबर द्यायला कां कूं करत असेल तर चहा पिऊन उठावं.

सध्या आणखी एक प्रकार चालू आहे. अडकलेले लोक आपली डायरी अर्ध्या किमतीत काढतात आणि दलाल जुनं नाव खोडून शेजारी नवं लिहितो, त्याला 'ट्रान्सफर' म्हणतात. घेणाऱ्याच्या पदरात खोडलेलं नाव पडतं, बाकी काही नाही. आमच्याकडेही एकजण तीन लाख घेऊन आला होता. त्याला डायरी दिली नाही. अस्सल पुरावा म्हणून ती कोर्टात जमा आहे.